उताणे कासव आणि उलटलेली बस

भारतात निघणारे कोणतेही इंग्रजी दैनिक पावसाळ्याच्या दिवसांत उघडून पाहावे. आतल्या एखाद्या पानावर, चार-पाच ओळींच्या जागेत, घाटातल्या अपघाताची बातमी असते. आणि त्या बातमीतली बस, मालमोटार किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली बहुधा 'टर्न्ड टर्टल' झालेली असते. चेन्नईपासून चंदीगडपर्यंत मुलूख बदलतो, वार्ताहर बदलतो, वार्ताहराची मातृभाषा बदलते; हे कासव मात्र जागचे हलत नाही. ज्याला इंग्रजीचे शब्द कळतात पण वाक्प्रचार ठाऊक नाहीत अशा माणसाला ती बस कासव झाली असे वाटेल, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्याचा हा समज अगदीच निराधार नाही, हे पुढे दिसून येईल.

'टर्न टर्टल' म्हणजे नौका किंवा वाहन पुरते उलटणे. खालची बाजू वर आणि वरची खाली होणे. एवढे सांगून हे भाषण संपविता आले असते. परंतु हा शब्दप्रयोग केवळ वर्तमानपत्रांपुरता राहिलेला नाही. तो पोलिसांच्या पहिल्या खबरीत येतो, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून राजधानीला जाणाऱ्या अहवालांत येतो, नुकसानभरपाईच्या दाव्यांत येतो. असे अहवाल वाचणे हा ज्यांच्या कामाचा भाग आहे, त्यांतला मी एक. गाडी नुसती रस्त्यावर आडवी झाली, एका कुशीवर पडली, दरीत गडगडत गेली की खरोखरच चाके वर करून पडली, या चारही गोष्टी त्या दोन शब्दांत सुखाने नांदताना दिसतात. वाचणाऱ्याला मात्र त्यांतली कोणती घडली हे कळत नाही, आणि पुष्कळदा नेमके तेच कळणे आवश्यक असते.

प्रथम या कासवाची हकीकत पाहू. इंग्रजीत 'टर्टल' म्हणजे समुद्रातले कासव. जमिनीवरच्या कासवाला इंग्लंडात 'टॉर्टॉइज' म्हणतात. मराठीत दोहोंना आपण कासवच म्हणतो, त्यामुळे हा भेद आपल्या ध्यानात राहत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजांवर ताज्या मांसाचा दुष्काळ असे. खारवलेले मांस आणि कीड लागलेली बिस्किटे खाऊन कंटाळलेल्या खलाशांना वेस्ट इंडीजच्या बेटांवर एक आयते अन्न सापडले. कोलंबसाने १५०३ साली केमन बेटांच्या समूहातली दोन बेटे पाहिली, तेव्हा भोवतालच्या पाण्यात कासवांचा एवढा सुळसुळाट होता की त्याने त्या बेटांना कासवांचेच नाव दिले. मादी कासवे रात्री अंडी घालण्यासाठी वाळूवर येतात. शंभर-दीडशे किलो वजनाचे हे जनावर उचलून नेणे एकदम शक्य नसते. पण दोघा-तिघांनी एका बाजूने जोर लावला की ते पाठीवर पालटता येते. एकदा उताणे झाले की संपले. समुद्रकासवाचे पाय म्हणजे वल्ही. ती हवेत हलत राहतात, जमिनीला टेकत नाहीत. त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात, तेव्हा उताण्या अवस्थेत पोटातल्या अवयवांचा भार त्यांच्यावर पडतो. खलाशी रात्रभर किनाऱ्यावर फिरून दिसेल ते कासव असे उलटून ठेवीत आणि सकाळी सावकाशीने ती गोळा करीत. जहाजावरही ती उताणीच ठेवलेली असत, आणि कित्येक आठवडे जिवंत राहत. दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावर ब्रिटिशांनी १८१५ साली ठाणे बसविल्यावर तेथे पकडलेली कासवे साठविण्यासाठी समुद्राच्या पाण्याची बांधीव तळीच केली होती.

या कामाला इंग्रजीत 'टर्न टर्टल' म्हणत, म्हणजे 'कासव उलटविणे'. येथे कासव हे कर्म आहे आणि उलटविणारा खलाशी हा कर्ता आहे. पुढे जहाज उलटून तळ आभाळाकडे झाला की त्याच खलाशांनी, त्यांच्या डोळ्यांपुढे रोज असलेल्या चित्राला धरून, जहाजाचेही 'टर्टल' झाले असे म्हणावयास सुरुवात केली. कर्त्याच्या जागी जहाज आले, उलटविणारा नाहीसा झाला, आणि कर्म असलेले कासव अर्धवट लटकत राहिले. इंग्रजी भाषेत असे लटकलेले शब्द पुष्कळ आहेत. ती भाषा त्यांची लाज बाळगीत नाही.

जाता जाता सांगावयास हरकत नाही की, या 'टर्टल' शब्दाचे मूळही खलाशांच्या तोंडी असेच उलटेपालटे झालेले आहे. कासवाचे फ्रेंच नाव 'तोर्त्यू'. ते नीट न उच्चारता आल्यामुळे इंग्रज खलाशांनी त्याच्या जागी आपल्या ओळखीचा एक शब्द बसविला. तो शब्द होता होल्या पक्ष्याचा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'टर्टल'चा आवाज ऐकू येतो, तो कासवाचा नव्हे, होल्याचा. कासवाला आवाज कोठून फुटला, असा प्रश्न तो उतारा वाचणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आजही पडतो.

आता एक गंमत पाहावी. उलटलेली होडी पाण्यावर तरंगत असताना दुरून कशी दिसते? तिचा गोलसर तळ वर आलेला असतो आणि तो हुबेहूब कासवाच्या पाठीसारखा दिसतो. त्यामुळे पुष्कळांचा असा समज असतो की, उलटल्यावर नाव कासवासारखी दिसते म्हणून हा शब्दप्रयोग पडला. हा समज मोहक आहे, पण चुकीचा आहे. नावेला जे कासव दिसते ते सरळ चालणारे, सुखरूप कासव. शब्दातले कासव उताणे पडलेले, हातपाय हलविणारे. दोन्ही चित्रे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि तरीही दोन्ही एकाच शब्दात बसतात, हे इंग्रजीचे सुदैव म्हणावयाचे.

मराठीत ही गफलत होत नाही, कारण आपल्याजवळ 'उताणे' आणि 'पालथे' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. तोंड, पोट किंवा तळवा आभाळाकडे असेल तर उताणे; जमिनीकडे असेल तर पालथे. मूल चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथे पडू लागते, तेव्हा घरातली मोठी माणसे ती वार्ता गावभर करतात. ते उताणे होते आणि पालथे झाले, ही गोष्ट आपल्याला निराळ्या शब्दाने सांगता येते. इंग्रजीत दोन्ही वेळा मूल नुसते 'रोल ओव्हर' करते. घडा पालथा असतो, कारण घड्याचे तोंड खाली गेलेले असते. नाव हेही एक पात्रच आहे, म्हणून उलटलेली नाव पालथी. कासव मात्र उताणे. मग बस? बसला तोंड वर नसते, पण पाय असतात. चाके आभाळाकडे गेलेली बस पाहिली की तिला पालथी म्हणवत नाही; ती उताणीच वाटते. म्हणजे या इंग्रजी शब्दप्रयोगातले मूळ चित्र, चार पाय वर करून असहाय पडलेल्या प्राण्याचे चित्र, नौकेपेक्षा बसलाच अधिक जुळते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजीच्या शुद्धतेविषयी दक्ष असणारे आपल्याकडचे काही लोक 'टर्न टर्टल' हा प्रयोग फक्त जहाजांचा आहे, बसला लावणे हा भारतीय अडाणीपणा आहे, असे म्हणताना आढळतात. शब्दप्रयोग मूळचा नाविकांचा आहे, आणि इंग्लंडात आजही तो प्रामुख्याने नौकांसंबंधी ऐकू येतो, हे खरे. परंतु मोटारी रस्त्यावर आल्यानंतर त्या उलटू लागल्या तेव्हा खुद्द इंग्रजांनीही हे शब्द त्यांना लावलेले आहेत. तिकडे तो प्रयोग मागे पडत गेला, आपल्याकडे टिकला आणि वाढला. एखादा शब्द माहेरी विसरला गेला आणि सासरी नांदत राहिला, एवढ्यावरून तो अशुद्ध ठरत नाही. माझी हरकत त्याच्या भारतीयत्वाला नाही; तो जेथे लागू पडत नाही तेथे लावण्याला आहे.

व्याकरणाचे म्हणावयाचे तर, 'टर्न' या क्रियापदाची इंग्रजीत एक वेगळीच रचना आहे. तिच्यापुढे उपपदाविना एखादे नाम किंवा विशेषण येते आणि 'बनणे' असा अर्थ होतो. 'टर्न ट्रेटर' म्हणजे विश्वासघातकी बनणे. आपल्या न्यायालयांच्या बातम्यांतून तर ही रचना रोज भेटते. आरोपी 'टर्न्ड अप्रूव्हर', म्हणजे तो माफीचा साक्षीदार झाला. साक्षीदार 'टर्न्ड होस्टाइल', म्हणजे तो फितूर झाला. 'टर्न्ड टर्टल' ही अक्षरे त्याच पठडीतली दिसतात, म्हणून बस कासव बनली असे वाटणाऱ्याला मी वर निराधार म्हटले नाही. इतिहासात येथे कासव हे कर्म होते. आजच्या कानाला ते पूरक वाटते. याचा व्यवहारातला परिणाम असा की, या रचनेचे नियम आज त्या प्रयोगालाही लागू होतात. कासवाच्या मागे 'अ' किंवा 'द' हे उपपद येत नाही. 'बस टर्न्ड अ टर्टल' असे कोणी लिहिले तर बसने वाटेत एक कासव पाहून ते उलटे केले, असा अर्थ होईल. दोन बसगाड्या उलटल्या तरी कासव एकच राहते. 'टर्टल्स' होत नाही. हे क्रियापद येथे अकर्मक आहे, म्हणून 'चालकाने बस टर्न्ड टर्टल केली' अशा अर्थाची जी वाक्ये आपल्या कागदपत्रांत येतात, ती टिकत नाहीत. 'वॉज टर्न्ड टर्टल' हा कर्मणी प्रयोगही नाही. चालकाच्या हयगयीमुळे गाडी उलटली असे म्हणावयाचे असेल, तर सरळ 'ओव्हरटर्न' हे क्रियापद घ्यावे. ते सकर्मक आणि अकर्मक दोन्ही चालते आणि त्यात कोणताही प्राणी येत नाही. झाड, भिंत किंवा विजेचा खांब कोसळला तर तेथे कासवाचे काम नाही, हे सांगावयाची गरज पडू नये, पण पडते.

व्याकरणाहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. वळणे, फिरणे, उलटणे या हालचालींत तीन गोष्टी असतात: फिरणे कोणत्या आसाभोवती झाले, किती झाले, आणि शेवटी वस्तू कोणत्या स्थितीत थांबली. इंग्रजीतले 'टर्न' हे क्रियापद एकट्याने यांतले काहीच सांगत नाही. पुढे 'राउंड' जोडले की वस्तू उभ्या आसाभोवती फिरते आणि तोंड मागे होते; 'ओव्हर' जोडले की आस आडवा होतो आणि वरची बाजू खाली जाते; 'बॅक' जोडले की आसाची बाबच उरत नाही, माणूस आल्या वाटेने परत जातो. सगळा अर्थ मागून येणाऱ्या लहानशा शब्दावर लटकलेला असतो. मराठीत उलट आहे. येथे क्रियापदच बोलते. वळणे निराळे, फिरणे निराळे, परतणे निराळे. बैलगाडी कलंडते, तांब्या लवंडतो, भाकरी उलटतात, दगड गडगडतो, झोपलेला माणूस कूस बदलतो. कलंडण्यात पाव फेरा, उलटण्यात अर्धा फेरा, गडगडण्यात किती फेरे याचा हिशेबच नाही. अशी श्रीमंती असलेल्या भाषेत वाढलेला लेखनिक इंग्रजीत लिहिताना हे सगळे शब्द एका कासवाच्या पाठीवर लादतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. अलीकडे तर आपल्या मराठी वर्तमानपत्रांनीही हा मोह स्वीकारला आहे. हिंदीतली 'पलटी' उचलून प्रत्येक अपघातात गाडी 'पलटी' करण्याची रीत पडली आहे. घरात कलंडणे आणि लवंडणे असताना ही उसनवार कशासाठी, हे मला उमगलेले नाही.

किती फिरावयाचे आणि कोणत्या बाजूला, हे आकड्यांत सांगण्याची सवय नौदलांनी फार पूर्वी लावून घेतली. होकायंत्राच्या वर्तुळाचे बत्तीस भाग. सोळा भाग म्हणजे बरोबर अर्धा फेरा. २२ जून १८९३ रोजी भूमध्य समुद्रातले ब्रिटिश आरमार आजच्या लेबनॉनमधील त्रिपोलीजवळ दोन समांतर रांगांत चालले होते. एका रांगेच्या अग्रभागी 'व्हिक्टोरिया' ही नौका, तिच्यावर सरसेनापती ट्रायन. दुसऱ्या रांगेपुढे 'कँपरडाउन', तिच्यावर रिअर अॅडमिरल मार्कम. ट्रायनने इशारा दिला की दोन्ही रांगांनी सोळा भाग आत वळावे, म्हणजे एकमेकींच्या दिशेने अर्धा फेरा घेऊन उलट दिशेला जावे. रांगांमधले अंतर सहा केबल, म्हणजे सुमारे बाराशे यार्ड. यांतली एकेक नौका वळावयास सुमारे आठशे यार्डांची रुंदी घेत असे. दोहोंचे मिळून सोळाशे यार्ड होतात, आणि पाणी होते बाराशेच. निदान आठ केबल अंतर हवे, असे हाताखालच्या अधिकाऱ्याने सुचविले होते, ट्रायनने ते मान्यही केले होते, आणि तरीही इशारा सहाचाच गेला. मार्कमने इशारा पाहून क्षणभर थांबून पाहिले. तेव्हा कशाची वाट पाहता अशी विचारणा झाली. दोन्ही नौका आज्ञेप्रमाणे वळल्या. 'कँपरडाउन'च्या नाकाने 'व्हिक्टोरिया'ची बाजू फोडली, आणि सुमारे तेरा मिनिटांत ती उलटून, तळ वर करून, पंखे फिरत असतानाच बुडाली. ट्रायनसह ३५८ माणसे गेली. 'टर्न टर्टल' हा प्रयोग अक्षरशः लागू पडावा अशी ही घटना. हुकमात फिरण्याची दिशा होती, फिरण्याचे मापही होते. फिरावयास लागणारी जागा मात्र हुकमाच्या शब्दांत कोठेच नव्हती, आणि ती ज्याने त्याने गृहीत धरली होती. पुढे २००४ साली त्या नौकेचे अवशेष सापडले ते नाक चिखलात रुतवून समुद्राच्या तळाशी सरळ उभे असलेले. उलटलेली नौका खाली जाताना पुन्हा फिरली होती.

आपल्या किनाऱ्यावरची अशी आठवण 'रामदास' बोटीची. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी समुद्रात एका बाजूला कलली. उतारू घाबरून एका अंगाला सरकले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लोकांच्या तोंडी मात्र 'रामदास बुडाली' हेच शब्द राहिले, 'उलटली' हा शब्द राहिला नाही. शोक करणाऱ्याला शेवट पुरेसा असतो, ते योग्यच आहे. चौकशी करणाऱ्याला शेवट पुरत नाही. बोट तळाला भोक पडून बुडणे आणि कलून, उलटून बुडणे यांची कारणे वेगळी असतात, दोष वेगळ्यांचा असतो, आणि पुढच्या खेपेला करावयाची तजवीजही वेगळी असते. उतारू किती घेतले, सामान कोठे रचले, भार एकीकडे सरकण्याची सोय कोणी ठेवली, हे प्रश्न 'उलटली' या शब्दातून निघतात. 'बुडाली' या शब्दातून ते निघतीलच असे नाही.

रस्त्यावरच्या गाडीचेही तसेच आहे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून बसचे दार डावीकडे असते. बस डाव्या कुशीवर पडली तर दार जमिनीखाली दबते आणि उतारूंना बाहेर पडण्यास संकटकाळच्या दाराशिवाय व खिडक्यांशिवाय मार्ग उरत नाही. ती उजव्या कुशीवर पडली तर दार आभाळाकडे असते. चढता येणाऱ्याला तेथून निघता येते, म्हाताऱ्याला निघता येत नाही. ती पुरती उलटली तर सगळा भार छपरावर येतो. मग छपराचे खांब किती जाड होते, टपावर किती ओझे लादले होते, या गोष्टी पुढे येतात. आणि ती दरीत दोन-तीन फेरे घेत गेली असेल, तर कठडा का नव्हता हा प्रश्न आधी विचारावा लागतो. बसच्या सांगाड्याची ताकद मोजण्याचा संयुक्त राष्ट्रांचा सहासष्टावा विनियम आहे. त्याच्या कसोटीत बस एका कलत्या फलाटावर ठेवतात आणि हळूहळू कलवून आठशे मिलिमीटर खालच्या जमिनीवर तिला कुशीवर पाडतात. आत बसलेल्या माणसाच्या जागेत सांगाडा घुसता कामा नये. ती कसोटी कुशीवर पडण्याची आहे. त्या कसोटीला उतरलेली बस घाटात पडून माणसे चेंगरली, आणि कागदावर नुसते 'टर्न्ड टर्टल' असले, तर दोष सांगाड्याचा, ओझ्याचा की कठड्याचा हे कशावरून ठरवावे? दाव्याचा निकाल करणाऱ्यापुढे, नवा रस्ता आखणाऱ्यापुढे हाच कागद जातो. ज्याने अपघाताची जागा पाहिली त्याला सगळे ठाऊक होते. त्याने ते एका गमतीदार शब्दाखाली झाकून टाकले.

'गमतीदार' हा शब्दही मी विचारपूर्वक योजला आहे. मोठी जहाजे उलटण्याचे भय इंग्रज खलाशाला होते, आणि भयाला हसून वागविणे ही त्याच्या भाषेची रीत होती. इंग्रजी कानाला 'टर्न टर्टल'मध्ये आजही थोडासा मिस्किलपणा ऐकू येतो. टेकडीवर कोणाची रिकामी हातगाडी उलटली तर तो शोभतो. वीस माणसे गेली अशा बातमीत, त्यांच्या नावांच्या यादीच्या वर, तो शोभत नाही. आपल्याला तो विसंगत वाटत नाही याचे कारण आपण तो शाळेत वाक्प्रचारांच्या यादीतून, अर्थ देऊन आणि वाक्यात उपयोग करून, पाठ केलेला असतो. त्याचा सूर त्या यादीत दिलेला नसतो. आणखी एक गोष्ट आहे. आपल्या मनातले कासव मुळीच उलटत नाही. समुद्रमंथनात मंदार पर्वत गरगर फिरला तो कासवाच्या पाठीवर. सगळे फिरत असताना न फिरणारे एवढे तेच होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अंग आवरून घेणाऱ्या कासवाचा दृष्टांत स्थिर बुद्धीसाठी आलेला आहे, आणि आपल्या देवळांतून गाभाऱ्यापुढच्या फरशीवर दगडी कासव असते ते त्याच अर्थाने. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्रकासवांची अंडी राखून पिल्ले पाण्यात सोडण्याचे काम चालते; कासव उलटविणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे गुन्हाच ठरेल. तेव्हा उलटण्याला कासवाचे नाव द्यावे हे मराठी मनाला सुचलेच नसते.

मग लिहावे कसे? इंग्रजीत लिहावयाचे तर वाहन पुरते उलटून चाके वर झाली असतील आणि प्रसंग फारसा गंभीर नसेल, तेथे 'टर्न्ड टर्टल' खुशाल लिहावे. गंभीर असेल तर 'ओव्हरटर्न्ड' लिहून पुढे 'अँड केम टु रेस्ट ऑन इट्स रूफ', म्हणजे छपरावर येऊन थांबली, असे जोडावे. कुशीवर पडली असेल तर 'फेल ऑन इट्स लेफ्ट साइड' किंवा 'राइट साइड', जी असेल ती. फेरे घेत गेली असेल तर 'रोल्ड ओव्हर', आणि मोजता आले असतील तर किती वेळा. नौकेला 'कॅप्साइझ' हा शब्द स्वच्छ आहे. तो गाडीला लावू नये. ही चार शब्दांची काटकसर अहवाल लिहिणाऱ्याला थोडा वेळ घेईल, पण वाचणाऱ्याचे निम्मे पत्रव्यवहार वाचवील.

या प्रकरणातला एक शब्द आपल्या अहवालांत फार क्वचित दिसतो, तो म्हणजे उलटलेली वस्तू पुन्हा सरळ करण्याचा. आपले लेखनिक लिहितात की क्रेनने बस 'लिफ्ट' केली. उचलणे आणि सरळ करणे यांत अंतर आहे. सरळ करण्याला इंग्रजीत 'टु राइट' असे क्रियापद आहे, तेच 'योग्य' या अर्थाचे विशेषण क्रियापदासारखे वापरलेले. जहाज कलून आपोआप सावरले तर ते 'राइट्स इटसेल्फ'. सगळीच कासवे उलटल्यावर तशीच पडून राहत नाहीत. पाठीवर चांदण्यांसारख्या पिवळ्या रेषा असलेले एक लहान जमिनीवरचे कासव आपल्या दक्षिण भारतात आणि गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आढळते; इंग्रजीत त्याला 'स्टार टॉर्टॉइज' म्हणतात. हंगेरीतल्या दोमोकोश आणि वारकोन्यी या दोघा शास्त्रज्ञांनी २००६ साली एक असा भरीव आकार घडविला की तो कसाही ठेवला तरी लोळत लोळत एकाच बाजूवर येऊन उभा राहतो, आणि आत कोठेही जड वस्तू भरलेली नसते. पुढे त्यांनी कासवांची कवचे मोजली, तेव्हा या आपल्या चांदण्यांच्या कासवाची उंच घुमटासारखी पाठ त्या आकाराच्या फार जवळ आली. ते उताणे झाले तर थोडे डोलते, एका कुशीवर येते, एक पाय जमिनीला टेकविते आणि चालू लागते. त्याच्या त्या डोलण्याला इंग्रजीत 'रॉकिंग', आणि पुन्हा पायांवर येण्याला 'राइटिंग' म्हणतात.